गारवा, ऊब आणि ओलावा : वातानुकूलनाच्या परिभाषेची ओळख

वैशाख लागला की वर्धा जिल्ह्याची भूमी भाजून निघते. हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांतील काळ्या जमिनीला भेगा पडतात, आर्वी, आष्टी व कारंजा भागांतील संत्र्यांच्या बागा विहिरींच्या उरल्यासुरल्या पाण्यावर तग धरून राहतात आणि दुपारी बारानंतर देवळी-सेलूच्या रस्त्यांवर माणूस दिसेनासा होतो. पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. अशा दिवसांत माणसांना ऊन लागते, दुभती जनावरे दूध आटवितात आणि तोडलेली फळे बाजार गाठण्यापूर्वीच सुकतात.

या उन्हाशी झुंजण्याची साधने आता गावोगावी पोहोचली आहेत. कुलर तर घरोघरी दिसतो; काही घरांत वातानुकूलन यंत्रे बसली आहेत; फळउत्पादकांच्या बोलण्यात शीतगृहाचा विषय वारंवार येतो. मात्र या साधनांबरोबर आलेले शब्द अद्याप पुरते रुळलेले नाहीत. विक्रेता ‘दीड टन’ म्हणतो, हवामान खाते ‘सापेक्ष आर्द्रता’ सांगते, शीतगृहाचा व्यवस्थापक ‘दवबिंदू’ म्हणतो. शब्दाचा अर्थ कळला नाही, तर पैसा चुकीच्या ठिकाणी पडतो. कुलर जुलैतही मे महिन्यासारखाच चालेल अशी अपेक्षा केली जाते आणि फळांच्या शीतकक्षात कांदा ठेवला जातो. यास्तव या परिभाषेतील मुख्य शब्दांची ओळख प्रत्येक ग्रामसेवकाने व शेतकऱ्याने करून घेणे हितावह आहे. या शब्दांमागील बहुतेक गोष्टी माठ, ओसरी व हळदीची कढई यांच्या रूपाने गावात पूर्वीपासूनच नांदत आहेत.

उष्णता आणि तापमान

हे दोन शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत भेद आहे. तापमान म्हणजे पदार्थ किती तापला आहे याचे माप, आणि उष्णता म्हणजे त्यात किती ऊर्जा साठली आहे किंवा त्यातून किती बाहेर पडली याचे माप. चुलीतील ठिणगीचे तापमान रांजणभर कोमट पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. पण ठिणगीने हाताला क्षणभर चटका बसतो, तर रांजणातील पाण्याने सारे घर अंघोळ करते. उष्णता रांजणातच अधिक आहे.

उष्णता मोजण्याचे एकक किलोकॅलरी होय. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. हे एक माप ध्यानात ठेवले की पुढील सर्व हिशेब सोपा होतो.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते आणि तिच्या जाण्याच्या वाटा तीन आहेत. पळीचे एक टोक आमटीत असता दुसरे टोक तापते, ते वहन. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागी थंड हवा येते, ते अभिसरण. मध्ये कोणताही पदार्थ नसताना सूर्याचे ऊन पृथ्वीवर पोहोचते किंवा शेकोटीची धग अंगाला लागते, ते प्रारण.

टिनाच्या पत्र्याच्या घरात दुपारी जीव नकोसा होतो, त्याला या तिन्ही वाटा कारण आहेत. उन्हातला पत्रा भर दुपारी ६० अंशांच्याही वर तापतो. पत्रा पातळ असल्याने ती उष्णता वहनाने तत्काळ खालच्या बाजूस येते आणि तेथून प्रारणाने माणसांच्या डोक्यावर उतरते. छताजवळची गरम हवा बाहेर पडावयास वाट नसेल, तर ती तेथेच कोंडून राहते. अशा घरात पंखा लावला तरी तो त्याच तापलेल्या हवेला फिरवीत राहतो.

यावर पहिला उपाय यंत्राचा नव्हे, तर छताचा आहे. पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिल्याने ऊन बरेचसे परतविले जाते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत केल्यास मधली हवा उष्णतारोधकाचे काम करते. उष्णतारोधक म्हणजे उष्णतेचे वहन सहजासहजी होऊ न देणारा पदार्थ. स्थिर हवा, गवत, भुसा व थर्मोकोल हे सर्व उष्णतारोधकच होत. भिंतीच्या माथ्याशी झरोके ठेवल्यास कोंडलेली हवा बाहेर पडते.

या तत्त्वांचा उत्तम नमुना जिल्ह्यातच उभा आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्या वेळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी मूळ मीराबहेन यांच्यासाठी बांधलेली. नंतर गांधीजी तिच्यात राहू लागले. माती, बांबू व कवेलू हे जवळपास मिळणारे साहित्यच तिच्यासाठी वापरलेले आहे. मातीची भिंत सकाळचे ऊन हळूहळू आत घेते. ते आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत दिवस कलू लागतो. बाजूच्या छपरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. वहनास विलंब, प्रारणास आडोसा आणि अभिसरणास वाट, असे तिन्ही प्रकारचे काम तेथे एकही यंत्र न चालविता होते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही स्थानिक साहित्याच्या घरबांधणीवर अनेक प्रयोग केले आहेत. नवे घर किंवा गोठा बांधणाऱ्याने हे नमुने एकदा अवश्य पाहावेत.

गुप्त उष्णता

चुलीवर एक लिटर पाणी ठेवले तर ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत येण्यास त्याला ७० किलोकॅलरी लागतात. उकळी फुटल्यावर मात्र कितीही जाळ केला तरी तापमापीतील पारा १०० अंशांच्या आसपासच थांबतो. मग ती उष्णता जाते कोठे? पाण्याची वाफ करण्यात ती खर्ची पडते. एक लिटर उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात आणि ही उष्णता तापमापीवर दिसत नाही. म्हणून तिला गुप्त उष्णता म्हणतात. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० नंतरच्या दशकात हे तत्त्व मांडले. याउलट जिच्यामुळे पारा चढतो वा उतरतो, ती संवेद्य उष्णता.

समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्ध असून तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ही हळद शिजविताना गुप्त उष्णतेचे ज्ञान थेट उपयोगी पडते. कढईला उकळी आल्यानंतर जाळ वाढविल्याने हळद लवकर शिजत नाही. पाणी तेवढे वाफेत जाते आणि सरपण वाया जाते. उकळी टिकेल एवढाच जाळ ठेवणे व कढईवर झाकण ठेवणे हीच खरी बचत.

पाण्याची वाफ होण्यास उकळीच हवी असे नाही. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरलेले पाणी बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जाते. त्यासाठी लागणारी उष्णता, दर लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी, ते बव्हंशी माठातील पाण्याकडूनच घेते आणि म्हणून आतील पाणी गार होते. अंगावरचा घाम वाळताना शरीर थंड होते, तेही याच न्यायाने. माठ, घाम, वाळ्याची ताटी आणि कुलर ही एकाच तत्त्वाची चार रूपे आहेत आणि चारही एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत : हवा किती कोरडी आहे?

आर्द्रता व दवबिंदू

हवेत पाण्याची वाफ नेहमीच मिसळलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी अधिक तापलेली, तितकी अधिक वाफ तिच्यात सामावू शकते. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, तिच्या मानाने प्रत्यक्ष किती आहे हे शेकडेवारीने सांगितले की ती सापेक्ष आर्द्रता झाली. शंभर टक्के म्हणजे हवा पूर्ण भरली. त्यापुढे ओला कपडा वाळणार नाही, माठ गार होणार नाही आणि घामही अंगावरच राहील.

भरलेली हवा आणखी थंड झाली तर जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते. ज्या तापमानाला असे होऊ लागते, तो दवबिंदू. पावसाळ्यात गार पाण्याच्या गडव्याला बाहेरून पाणी सुटते, ते गडव्यातून झिरपलेले नसते; हवेतील वाफच गडव्याच्या थंड अंगावर पाणी होऊन बसलेली असते. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हेच.

वातानुकूलन म्हणजे केवळ गारवा, ही समजूत अपुरी आहे. हवेचे तापमान, आर्द्रता, स्वच्छता व हालचाल या चारही गोष्टी कामाच्या गरजेप्रमाणे राखणे म्हणजे वातानुकूलन. या विद्येच्या आरंभी चिंता उष्म्याची नसून ओलाव्याचीच होती. १९०२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व रंग नीट जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या अभियंत्याने आपली यंत्रणा योजिली. ‘वातानुकूलन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरात आणला. ते कापडगिरण्यांचे अभियंते होते. कोरड्या हवेत सूत तटातट तुटते, म्हणून गिरणीत ओलावा मुद्दाम घालावा लागतो. शेजारच्या नागपुरात जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्येही हवा दमट ठेवणारी साधने बसविलेली होती. कापसाच्या या मुलखाला ही गोष्ट पटण्यास कठीण जाऊ नये.

दोन तापमाप्यांची कसोटी

हवा किती कोरडी आहे हे जाणण्यास महागडे उपकरण लागत नाही. शून्य ते पन्नास अंश दाखविणाऱ्या दोन सारख्या तापमाप्या घ्याव्यात. ताप पाहण्याची तापमापी येथे चालत नाही. एकीच्या फुग्यावर स्वच्छ मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडावे. दोन्ही सावलीत टांगून चार-पाच मिनिटे पंख्याने वारा घालावा आणि मग वाचन करावे. उघड्या तापमापीवर दिसते ते शुष्क तापमान व ओल्या चिंधीच्या तापमापीवर दिसते ते आर्द्र तापमान. चिंधीतील पाणी उडाल्याने आर्द्र तापमान कमी भरते आणि हवा जितकी कोरडी, तितके दोहोंतील अंतर अधिक.

वर्ध्याच्या हवेस साजेसे एक उदाहरण घेऊ. मे महिन्यातील एखाद्या दुपारी शुष्क तापमान ४४ व आर्द्र तापमान २४ अंश असले, तर अंतर २० अंशांचे झाले आणि सापेक्ष आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास आली. जुलैतील पाऊस उघडलेल्या दिवशी शुष्क ३१ व आर्द्र २७ असले, तर अंतर अवघे ४ अंशांचे आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्के. मे महिन्यातील त्या हवेच्या प्रत्येक किलोमध्ये सुमारे ११ ग्रॅम वाफ होती. जुलैत ती २२ ग्रॅम, म्हणजे दुप्पट झाली.

पाणी उडवून मिळणाऱ्या गारव्याची खालची मर्यादा म्हणजे हेच आर्द्र तापमान. माठ, कुलर वा ओले गोणपाट, कोणालाही त्याच्या खाली जाता येत नाही. चांगल्या ताट्यांचा कुलर या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतकी हवा गार करतो. म्हणजे मे महिन्यात ४४ अंशांची हवा २९ अंशांवर येते, पंधरा अंशांचा लाभ होतो. जुलैत ३१ अंशांची हवा २८ वर येते, लाभ तीनच अंशांचा. विशेष हे की, कुलरच्या तोंडाशी तापमापी धरली तर दोन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. परंतु मे महिन्यात त्या हवेची आर्द्रता ६६ टक्क्यांच्या घरात असते व घाम वाळतो; जुलैत ती ९० टक्क्यांच्या वर जाते, अंग चिकट होते आणि झोप येत नाही. तापमापी सारखी आणि सुख मात्र निराळे, याचे कारण आर्द्रता.

यावरून व्यवहारासाठी सोपा नियम बांधता येतो. दोन तापमाप्यांतील अंतर दहा अंशांहून अधिक असेल, तर पाण्याने गारवा मिळवावा. पाच अंशांहून कमी असेल, तर पाणी बंद करून केवळ वारा घ्यावा. मधल्या स्थितीत लाभ होईल, पण बेताचाच.

कुलर वापरताना

कुलरने आणलेली दमट हवा बाहेर गेली नाही, तर खोली हळूहळू जुलैसारखी होते. म्हणून कुलरचे तोंड आत व पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे असावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. दारे-खिडक्या लावून कुलर चालविणे हा सर्वांत सामान्य दोष आहे.

पाण्याचाही हिशेब असावा. तासाला पाच लिटर पाणी उडाले, तर आठ तासांत चाळीस लिटर झाले. पाणीटंचाईच्या गावात हा आकडा लहान नव्हे. छत पांढरे केल्याने व आडोसा वाढविल्याने तो बराच कमी करता येतो. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करावी. कुलरला अर्थिंग असलेच पाहिजे. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढून घ्यावा. ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कुलरला हात लावू नये. चालू कुलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून माणसे दगावतात आणि ही हानी सर्वस्वी टाळता येण्याजोगी आहे.

माणसे व जनावरे

हवेचे तापमान कातडीच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, वर गेले की हवा शरीरातील उष्णता नेण्याऐवजी उलट देऊ लागते. मग शरीरास घामाचाच आधार उरतो. ४० अंशांच्या वर कोरड्या अंगावर नुसता पंखा घेणे अपायकारक ठरू शकते; ओले कापड अंगावर घेऊन वारा घेतल्यास मात्र लाभ होतो. ऊन लागलेल्या माणसाचे अंग अतिशय तापते, तो असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध होतो. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे, जोराने वारा घालावा आणि विलंब न लावता दवाखान्यात पोहोचवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जनावरांचे शास्त्र हेच आहे. वर्धा जिल्ह्याची गवळाऊ जात या उन्हाला सरावलेली आहे. संकरित गाई मात्र लवकर धापा टाकू लागतात आणि काळ्या कातडीच्या, कमी घाम येणाऱ्या म्हशींना तर ऊन अधिकच बाधते. मे महिन्यात दुपारी जनावराचे अंग भिजवून वारा मिळू दिल्यास त्याला आराम पडतो. गोठा चहूबाजूंनी बंद करून आत फवारा सोडणे मात्र चुकीचे. तेथे आर्द्रता वाढून घाम व श्वास या दोन्ही वाटा अडतात. पत्र्याच्या गोठ्यावर तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाट्यांचे आच्छादन घालावे. परंतु ते चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावे.

ऊब देण्याचे प्रसंगही शेतीत येतात. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे ३५ अंशांची ऊब लागते व पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी कमी करावयाची असते. पिले दिव्याखाली दाटीवाटीने गोळा झाली, तर ऊब कमी पडते असे समजावे. कडेला पळून चोची उघडू लागली, तर ती जास्त झाली आहे. तेथे दिव्याची उष्णता प्रारणाने पोहोचते. दिवा वर-खाली केल्याने ती बेताची करता येते.

फळे व भाजीपाला

तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते व त्यातून उष्णता बाहेर पडते. शिवाय उन्हात तापून जी उष्णता ते शेतातून बरोबर आणते, तिला क्षेत्र-उष्णता म्हणतात. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऊन चढू लागले असता निघतात. ती सकाळी तोडून सावलीत ठेवली, तर क्षेत्र-उष्णतेचा मोठा भाग फुकटात टळतो. दुपारी तोडलेल्या फळांतील तीच उष्णता काढण्यास पुढे शीतगृहात पैसे मोजावे लागतात.

अल्पकाळच्या साठवणीसाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयुक्त आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात तो पुढे आणला. विटांच्या दुहेरी भिंती सुमारे साडेसदुसष्ट सेंटिमीटर उंच उभाराव्यात, दोहोंमधील साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत वाळू भरावी, वर बांबू व वाळ्याचे झाकण आणि त्यावर सावलीचे छप्पर असावे. विटांच्या तळाची लांबी १६५ व रुंदी ११५ सेंटिमीटर ठेवल्यास सुमारे एक क्विंटल माल मावतो. विटा व वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवीत राहिल्यास आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. पालेभाज्या, टोमॅटो, संत्री व लिंबे येथे काही दिवस टवटवीत राहतात. कांदा मात्र येथे ठेवू नये. त्याला कोरडी हवा लागते, एरवी तो सडतो. शीतकक्ष हा माठाचाच थोरला भाऊ असल्यामुळे दोन तापमाप्यांचा नियम त्यालाही लागू आहे.

संत्री महिना-दीड महिना टिकवावयाची असतील, तर सुमारे ६ ते ७ अंश तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. आर्द्र तापमानाखाली पाणी जाऊ शकत नसल्यामुळे हे काम माठाच्या तत्त्वाने होणार नाही. तेथे यंत्राचे शीतगृहच हवे. याहून अधिक थंडीही संत्र्यास सोसत नाही. सालीवर डाग पडतात. शीतगृहातून काढलेली फळे एकदम दमट हवेत आणल्यास त्यांच्यावर दव जमते व बुरशी धरते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने बाहेर काढावीत.

यंत्राची भाषा

यंत्रातही गुप्त उष्णतेचाच खेळ चालतो. पाण्याऐवजी तेथे शीतक असतो, ज्याला बोलण्यात ‘गॅस’ म्हणतात. आतल्या कॉइलमध्ये शीतकाची वाफ होते व तो खोलीतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गरम करतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तिचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता बाहेरच्या हवेत टाकली जाते. पुढे अरुंद नळीतून जाताना दाब उतरून शीतक पुन्हा थंड होतो. थोडक्यात, यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेते. म्हणून बाहेरचा भाग सावलीत, मोकळ्या हवेत व धूळरहित असावा. चांगल्या स्थितीतील यंत्रात गॅस वरचेवर भरावा लागत नाही. लागत असेल तर गळती शोधावी. मोठ्या शीतगृहांत शीतक म्हणून बहुधा अमोनिया वापरतात. तो विषारी असल्याने गळतीचा उग्र वास येताच सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर पडावे.

आता ‘टन’. हा यंत्राच्या वजनाचा आकडा नव्हे. एक किलो बर्फ वितळण्यास ८० किलोकॅलरी लागतात. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन; तासाला सुमारे ३,०२४ किलोकॅलरी. तासाला पाच लिटरांहून किंचित अधिक पाणी उडाले, तरी तेवढीच उष्णता शोषली जाते. कुलर हे काम दीडदोनशे वॉट विजेत करतो, तर दीड टनाचे यंत्र दीड हजार वॉटच्या आसपास वीज घेते. मे महिन्यात कुलर का परवडतो आणि पावसाळ्यात ओलावा काढण्यास यंत्रच का लागते, हे यावरून कळेल. यंत्र घ्यावयाचेच झाले, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन-पट्टी पाहावी. तारे अधिक तेवढी विजेची बचत अधिक. खोली २४ अंशांच्या आसपास ठेवणे पुरेसे असते.

ग्रामसेवकांनी करावयाचे कार्य

प्रत्येक ग्रामपंचायतीत किंवा शाळेत दोन तापमाप्यांची जोडी टांगावी आणि उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास दोन्ही आकडे व त्यांतील अंतर फळ्यावर लिहावे. वाचन विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. एप्रिलपूर्वी पत्र्याची घरे व गोठे यांची पाहणी करून छत पांढरे करण्याचा आग्रह धरावा. फळउत्पादकांच्या बैठकीत एक शीतकक्ष प्रत्यक्ष बांधून दाखवावा. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला याकामी घ्यावा.

‘आज ऊन किती?’ हे गावात प्रत्येकजण विचारतो. ‘आज हवा कोरडी किती?’ हा प्रश्नही त्याच्या जोडीने विचारला जाऊ लागला, तर पाणी, वीज व पैसा यांचा अपव्यय टळेल, फळे व जनावरे सुखरूप राहतील आणि भर उन्हाळ्यातील एखादा जीवही वाचेल.